घटकाचे गुणधर्म आणि नांवाची शिस्त

रेडिओचा आवाज कमी करावयाचा झाल्यास कोणी पेटी उघडून तारांना हात लावीत नाहीं. बाहेरचें बटण फिरविलें कीं काम होतें. जावा या संगणकभाषेंत १९९७ मध्यें आलेल्या ‘जावाबीन्स’ पद्धतीनें प्रोग्रामच्या घटकांना अशींच बटणें दिलीं.

समजा, एकानें पडद्यावरील घड्याळ हा घटक रचला आणि दुसऱ्यास तो आपल्या प्रोग्राममध्यें बसवावयाचा आहे. त्याला घड्याळाचा रंग पाहतां व बदलतां आला पाहिजे. मात्र आंतील रचनेला धक्का लागतां कामा नये. यासाठीं एक साधा संकेत ठरला. गुणधर्म वाचणाऱ्या क्रियेचें नांव ‘गेट’नें आणि बदलणाऱ्या क्रियेचें ‘सेट’नें सुरू व्हावें. ‘इन्ट्रोस्पेक्टर’ हा परीक्षक हीं नांवें तपासून गुणधर्मांची यादी करतो, आणि रचनेचें साधन ती तक्त्याच्या रूपानें पुढें मांडतें. ‘गेट’ आहे पण ‘सेट’ नाहीं, असा गुणधर्म केवळ पाहतां येतो. बदल झाल्याची वर्दी इतरांस देण्याची, किंवा अयोग्य बदल नाकारण्याचीही सोय घटकांत ठेवतां येते.

धोका आहे तो नांवांतच. ‘सेट’ऐवजीं ‘चेंज’ असें नांव दिलें आणि वेगळा खुलासा जोडला नाहीं, तर प्रोग्राम बिनतक्रार चालतो. परंतु तक्त्यांतून रंग बदलण्याची सोय मुकाट्यानें नाहींशी होते. यंत्राला हेतु कळत नाहीं. त्याला कळतें तें नांव.