जुना एक्सपी संगणक आणि इंटरनेटचा वेग

विंडोज एक्सपीच्या संगणकावर वेग अडतो तो बहुधा टीसीपीच्या ‘रिसीव्ह विंडो’पाशी. पोच मिळण्याआधी समोरचा सर्व्हर जास्तीत जास्त किती बाइट पाठवू शकतो, याची ही मर्यादा. 100 मेगाबिटच्या नेटवर्क कार्डावर एक्सपी ती सहसा 17,520 बाइट धरते. दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला 200 मिलिसेकंद लागत असतील, तर एका जोडणीला सेकंदाला फार तर 87,600 बाइट, म्हणजे सुमारे 0.7 मेगाबिट मिळतात. मग ब्रॉडबँडचा प्लॅन कितीही मोठा असो. रजिस्ट्रीत ही विंडो 65,535 पर्यंत वाढवली की हीच कमाल 2.6 मेगाबिटवर जाते. जवळच्या सर्व्हरबाबत मात्र फरक क्वचितच जाणवतो.

वेग अडण्याची दुसरी जागा एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराची. इथरनेटवर एका पॅकेटची मर्यादा 1,500 बाइट असते. पीपीपीओई जोडणीत त्यातले 8 बाइट मथळ्यात जातात, म्हणून तिथे 1,492 हा आकडा योग्य. तो चुकला तर काही संकेतस्थळे अर्धवट उघडतात किंवा उघडतच नाहीत.

एक्सपी 20 टक्के वेग स्वतःसाठी राखून ठेवते, ही समजूत फार पसरली, पण ती चुकीची आहे. क्यूओएस (ठरावीक कामाला वेगात अग्रक्रम देणारी सोय) वापरणारा प्रोग्रॅम चालू नसेल, तर सगळा वेग इतरांना मिळतो. ते ‘राखीव’ सेटिंग बदलण्यात वेळ घालवू नये.

विंडोज व्हिस्टापासून रिसीव्ह विंडो आपोआप जुळते. रजिस्ट्रीला हात लावण्यापूर्वी तिचा बॅकअप घ्यावाच. एक्सपीसाठीचा मायक्रोसॉफ्टचा नियमित पाठिंबा 8 एप्रिल 2014 रोजी संपला; वेग सुधारला तरी बँकेचे व्यवहार अशा संगणकावर करू नयेत.