क्रियापद कोणाच्या खात्यावर?

व्यापारी घरातील मुलांना आकडेमोडीची भीती क्वचितच वाटते. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेत त्यांची गाडी अडते ती इंग्रजीत, आणि तीही वाक्य सुधारण्याच्या प्रश्नांत. पहिल्या टप्प्यात १०० प्रश्नांपैकी २५ इंग्रजीचे, वेळ सर्व मिळून एक तास. अचूक उत्तरास २ गुण, चुकल्यास अर्धा गुण वजा. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी वाक्य मनात म्हणून पाहतो आणि कानाला गोड लागेल तो पर्याय निवडतो. परीक्षकाने सापळा नेमका तेथेच लावलेला असतो.

'द लिस्ट ऑफ आयटेम्स आर ऑन द टेबल.' येथे 'आयटेम्स'शेजारी 'आर' शोभून दिसते. परंतु टेबलावर आहे ती यादी. 'ऑफ आयटेम्स' एवढे बोटाने झाकले की 'इज' आपोआप समोर येते. ही चूक मराठी मुलाकडून होण्यास आणखी एक कारण संभवते. 'शेठजींनी वही लिहिली, शेठजींनी पत्र लिहिले' असे म्हणताना आपले क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जाते. इंग्रजीत ही मुभा नाही. तेथे क्रियापदाची नोंद नेहमी कर्त्याच्याच खात्यावर पडते.

मग कर्ता एक की अनेक, हे ठरवावे लागते. 'अँड' हा भागीदारीचा करार होय : 'द ओनर अँड हिज सन आर हिअर.' 'अ‍ॅज वेल अ‍ॅज'ने जोडलेला मुलगा मात्र नुसता सोबत आलेला, पेढीत त्याचा हिस्सा नाही : 'द ओनर, अ‍ॅज वेल अ‍ॅज हिज सन, इज हिअर.' 'नायदर-नॉर'मध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याचे ऐकते, म्हणून 'नायदर द ओनर नॉर हिज सन्स आर हिअर.'

काही चुका थेट मराठीतून उतरतात. आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस'मागे 'अबाउट' येते. आपण परत येतो, म्हणून 'रिटर्न'ला 'बॅक' चिकटते. दोन्ही शब्द तेथे अनावश्यक.

व्यवस्थापन शिक्षणासाठीच्या जीमॅटने २०२३च्या अखेरीस आलेल्या नव्या स्वरूपात हे प्रश्न वगळले. सरकारी नोकरीच्या परीक्षांत ते टिकून आहेत. तेथे शेवटचा पर्याय बहुधा 'सुधारणेची गरज नाही' असा असतो. मेहनती मुले त्याला बिचकतात, कारण प्रश्न आहे त्या अर्थी चूक असणारच, असे त्यांना वाटते. कर्ता, क्रियापद, काळ आणि शब्दयोगी अव्यय तपासून रोजमेळ जुळला असेल, तर त्या वाक्यात पेन घालू नये.