विलीनीकरणातील संघर्ष आणि नोंदलेल्या निराकरणाचा पुनर्वापर

प्रस्तावना :
संगणक आज्ञावलीचे लेखन हे आज सामूहिक कार्य झाले आहे. एकाच ओळीत दोघांनी भिन्न बदल केले, तर त्यांच्या शाखांचे विलीनीकरण करताना संघर्ष उद्भवतो. त्याचे निराकरण मनुष्यालाच करावे लागते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या विकासासाठी निर्माण केलेल्या ‘गिट’ या प्रणालीत असे निराकरण नोंदवून पुन्हा वापरण्याची सोय २००६ मध्ये आली. तिला ‘रीरीरी’ असे म्हणतात.

गरज :
दीर्घकाळ चालणारी शाखा मुख्य शाखेशी वरचेवर जुळवून पाहावी लागते. चाचणीपुरते केलेले विलीनीकरण रद्द केले, की पुढील खेपेस तोच संघर्ष पुन्हा उभा राहतो. ही पुनरावृत्ती टाळणे हा या सोयीचा हेतू होय.

कार्यपद्धती :
ही सोय सुरू केल्यावर गिट संघर्षयुक्त फाइलचे रूप ‘आरआर-कॅश’ या फोल्डरमध्ये साठवते आणि निराकरणानंतरचे रूपही तेथेच ठेवते. संघर्षाची ओळख त्यातील दोन्ही बाजूंच्या मजकुरावरून काढलेल्या संकेतांकाने पटते. तोच संकेतांक पुन्हा आढळल्यास जुने निराकरण फाइलमध्ये आपोआप उतरते. मात्र, वेगळा आदेश नसल्यास त्यास अंतिम मान्यता वापरकर्त्यानेच द्यावयाची असते.

मर्यादा :
परीक्षेस बसण्यासाठी किमान उपस्थिती तपासणाऱ्या आज्ञावलीचे उदाहरण घेता येईल. एका शाखेने त्या ओळीतील चलाचे नाव बदलले, तर दुसरीने मर्यादा ७५ वरून ८० टक्के केली. निराकरण करताना नवे नाव घेतले, पण मर्यादा जुनीच राहिली, तर आज्ञावली विनातक्रार चालेल आणि हीच चूक प्रत्येक विलीनीकरणात उतरत राहील. परिणामी अपात्र विद्यार्थी पात्र ठरतील. अशी नोंद ‘रीरीरी फर्गेट’ या आदेशाने पुसता येते. परंतु त्यासाठी चूक आधी लक्षात यावी लागते. शिवाय नोंदी त्या संगणकापुरत्याच राहतात. सहकाऱ्यांकडे आपोआप जात नाहीत. वापरात नसलेल्या नोंदी सामान्यतः ६० दिवसांनंतर, तर निराकरण न झालेल्या १५ दिवसांनंतर साफसफाईत काढल्या जातात.

निष्कर्ष :
रीरीरीमुळे श्रम वाचतात. परंतु ती मजकुराचे साम्य पाहते, आशयाची योग्यता नव्हे. म्हणून विद्यार्थ्यांना ही सोय शिकविताना पहिले निराकरण चाचणीद्वारे पडताळण्याची आणि पुनर्वापरानंतर बदल वाचून मगच मान्य करण्याची सवय लावणे आवश्यक ठरते.