राष्ट्रगीताची भाषा आणि सीमेवरची मुले

आदिलाबाद जिल्ह्यातील बाजारहत्नूरच्या परिसरात घराघरांतून निरनिराळ्या भाषा कानी पडतात. कोठे मराठी, कोठे गोंडी, कोठे तेलुगू. तांड्यावर लंबाडी, बाजारात उर्दू. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे भाग मुंबई राज्यात गेले आणि बाजारहत्नूर आंध्र प्रदेशात राहिले. २०१४ पासून ते तेलंगणात आहे. अशा गावी शाळेच्या पटांगणात मुले राष्ट्रगीतासाठी ताठ उभी राहतात, तेव्हा ती जे गातात ते यांपैकी एकाही भाषेतले नसते. मग ते आपापल्या बोलीत का गाऊ नये, असा प्रश्न कोणी केल्यास त्याला देशद्रोही ठरवून गप्प बसविणे आम्हांस योग्य वाटत नाही. प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर शांतपणे दिले पाहिजे.

या मुलखाला भाषेच्या सक्तीचा जुना अनुभव आहे. निजामाच्या राज्यात बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कानडी बोलणारी होती. तरी दरबाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच होते. त्याच विद्यापीठाच्या वसतिगृहात १९३८ साली विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना बाहेर काढण्यात आले. त्यांतील कित्येकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. एखादे गीत कोणत्या शब्दांत म्हणावे, ही बाब क्षुल्लक नव्हे हे त्या तरुणांनी आपल्या शिक्षणाची किंमत देऊन दाखविले.

आता आपल्या राष्ट्रगीताकडे पाहू. ते संस्कृतप्रचुर बंगालीत आहे. रवींद्रनाथ ठाकुरांची ही रचना २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात प्रथम गायिली गेली. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी तिला राष्ट्रगीत म्हणून जाहीर केले आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान राहील असे सांगितले. आज देशभर ती मूळ शब्दांतच गायिली जाते. पूर्ण गायनास सुमारे ५२ सेकंद लागतात. गंमत अशी की बंगाली माणूस ‘अ’चा उच्चार ‘ओ’कडे झुकवतो आणि ‘व’ला ‘ब’ म्हणतो. इतर प्रांतांतील लोक तेच शब्द आपापल्या वळणाने उच्चारतात. म्हणजे अक्षरे तीच ठेवूनही प्रत्येक प्रांताने गीताला थोडा आपला आवाज दिलेलाच आहे.

भाषांतराचा प्रयोग झालाच नाही असे मात्र नव्हे. आझाद हिंद सरकारसाठी १९४३ साली याच गीताच्या आधारे सोप्या हिंदुस्थानीत ‘शुभ सुख चैन’ रचण्यात आले. ते रचणाऱ्यांत आबिद हसन होते, आणि ते हैदराबादचे. त्या फौजेत पंजाबी, तामिळ, गुरखा असे नाना प्रांतांचे शिपाई असल्यामुळे सर्वांना उमगेल अशी भाषा हवी होती.

इतर देशांनी वेगळ्या वाटा धरल्या. स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रगीताचे शब्द चार भाषांत आहेत, चाल मात्र एकच. आणि ती चाल आल्बेरिक झ्विसिग या सिस्टर्शियन संन्याशाने मूळ मिस्सासाठी बांधली होती. १८४१ साली त्याने ती एका प्रॉटेस्टंट कवीच्या कवितेला लावली! कॅनडात १८८० चा फ्रेंच पाठ व पुढचा इंग्रजी पाठ हे परस्परांचे भाषांतर नाहीतच. फ्रेंचमध्ये क्रुसाचा उल्लेख आहे, इंग्रजीत नाही. एका सुरात उभे राहून दोन शेजारी निराळेच काही म्हणत असतात. न्यूझीलंडमध्ये १९९९ साली रग्बीच्या एका सामन्यापूर्वी गायिकेने राष्ट्रगीत केवळ माओरीत म्हटले तेव्हा मोठा गहजब झाला. पण त्यानंतरच दोन्ही भाषांत गाण्याची रीत तेथे रुळली.

आमचे मत विचाराल तर बाजारहत्नूरसारख्या गावी मूळ शब्दच बरे. मराठीत गायिले तर तेलुगू कुटुंबास परके वाटेल, तेलुगूत गायिले तर मराठीस, आणि गोंडांची आठवण कोणास राहणार? बंगाली येथे कोणाचीच घरची नाही. म्हणून तिच्यापुढे सारी घरे सारखी. तेलंगण राज्याने २०२४ साली आपले राज्यगीत स्वीकारले ते तेलुगूत आहे, तेही रास्तच. राज्याचे गीत आणि राष्ट्राचे गीत यांची कामे निराळी.

परंतु न समजता गाणे ही दुसरी गोष्ट. आपल्या वाडवडिलांनी लॅटिन मिस्सा भक्तिभावाने ऐकली, तथापि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लोकभाषेला दार उघडले ते अर्थ कळावा म्हणूनच. मराठी मुलाला राष्ट्रगीतातील बहुतेक शब्द ओळखीचे वाटतात, कारण ते संस्कृत आहेत. तरीही ‘मागे’ या शब्दाचा अर्थ तो ‘पाठीमागे’ असा करून बसण्याचा संभव आहे. तेथे त्याचा अर्थ ‘मागते’ असा आहे. गोंड मुलाची अडचण तर याहून पुष्कळ मोठी. १९४३ च्या सुमारास तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या मारलवाई येथे हायमेनडॉर्फ यांच्या प्रेरणेने गोंडी वाचनपुस्तके नागरी लिपीत तयार झाली होती, गोंड मुलांना पहिली अक्षरे आपल्या बोलीतून मिळावीत म्हणून. राष्ट्रगीताचा अर्थही तसाच गोंडीतून, लंबाडीतून, मराठीतून सांगता येईल. त्याला ना कायद्याची आडकाठी, ना पैशाची गरज.

पंधरा ऑगस्टपूर्वी एखाद्या संध्याकाळी आईबापांनी मुलांना जवळ घेऊन एकेक शब्द विचारावा. विंध्य कोठे, उत्कल म्हणजे आजचा कोणता प्रांत, आणि ज्याने समुद्र कधी पाहिला नाही त्या मुलाला ‘जलधि’ म्हणजे काय.