देहाचे माप कोण ठरवतो?

सूत्रकृमी म्हटला की आम्हा शेतकऱ्यांच्या मुलांना डाळिंबाच्या मुळांवरच्या गाठी आठवतात. परंतु सर्वच सूत्रकृमी पिकाचे वैरी नसतात. त्यांचाच एक भाऊबंद, ‘सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स’, कुजक्या फळांत राहतो व जिवाणू खाऊन जगतो. लांबी जेमतेम १ मिलिमीटर! या क्षुद्र जीवाने एक मोठा प्रश्न सोडवायला मदत केली आहे : प्राण्याने किती वाढावे, हे कोण ठरवतो?

केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांनी रसायन वापरून या कृमींच्या जनुकांत बदल घडवले. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात काही कृमी लहान, काही लांब, तर काही आखूड व जाड असल्याची नोंद आहे. लहान कृमींत पेशी कमी होत्या काय? नाही. पूर्ण वाढलेल्या उभयलिंगी कृमीत बीजपेशी सोडून ९५९ पेशी असतात. पुढे असे दिसून आले की, लहान कृमीत पेशींची संख्या घटत नाही. पेशीच लहान राहतात.

याचे कारण एका निरोपात आहे. चेतापेशी ‘डीबीएल-१’ नावाचे प्रथिन सोडतात. हा झाला निरोप. त्वचापेशींच्या पृष्ठभागावरची ‘एसएमए-६’ आणि ‘डीएएफ-४’ ही प्रथिने तो दारात घेतात. आतील ‘एसएमए-२’, ‘३’ व ‘४’ ही प्रथिने तो पेशीकेंद्रात नेतात आणि तेथे जनुकांचे काम कमीजास्त होते. साखळीतली एक कडी तुटली तरी कृमी लहान राहतो. उलट निरोप प्रमाणाबाहेर गेला, तर तो नेहमीपेक्षा लांब होतो.

हीच साखळी माणसातही आहे. तिच्यातल्या प्रथिनांना ‘स्मॅड’ म्हणतात; कृमीचे ‘स्मा’ व फळमाशीचे ‘मॅड’ जोडून हे नाव झाले. मात्र आपल्या अनेक पेशींत अशाच निरोपाचा अर्थ ‘आता वाढ थांबवा’ असा होतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगात ‘स्मॅड-४’चे जनुक पुष्कळदा नष्ट झालेले आढळते, हे १९९६ साली उघड झाले. निरोप ऐकणाराच उरला नाही, तर वाढीला आवर कोण घालणार?

संदर्भ बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, हे आपण भाषेच्या तासाला शिकतो. पेशींचा व्यवहारही काहीसा असाच चालतो. म्हणून कला शाखेच्या विद्यार्थ्यानेही या कृमीकडे एकदा कुतूहलाने पाहावे.