पावसाआधीची सुई

वडखळ मागे टाकून महामार्गाने नागोठण्याकडे निघाले की लागणारे गडब हे पेण तालुक्यातील गाव. आषाढात तेथे लावणीची घाई उडते आणि ती आटोपते न आटोपते तोच गौरी-गणपतींसाठी मुंबई-ठाण्याची मंडळी घरोघरी उतरू लागतात. नेमक्या याच काळात महाराष्ट्रात फ्लूचा जोर वाढतो. म्हणून युरोपात थंडीच्या तोंडावर टोचली जाणारी लस आपल्याकडे पावसापूर्वी घेणे इष्ट, कारण सुईनंतर शरीरात प्रतिकारशक्ती सिद्ध होण्यास सुमारे 2 आठवडे लागतात.

1918 च्या जूनमध्ये हा रोग मुंबईत प्रकटला आणि पावसाळ्याअखेर त्याने जे उग्र रूप धारण केले, त्यात हिंदुस्थानातील 1 कोटीहून अधिक माणसे दगावली. परळच्या प्रयोगशाळेतून प्लेगची लस देणाऱ्या इलाखा सरकारपाशीही या रोगावर उतारा नव्हता, कारण माणसाच्या फ्लूचा विषाणू हाती लागला तो 1933 साली. 2009 मध्ये स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा मात्र चित्र पालटले होते: पुढच्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारण्याची लस तयार केली.

हा विषाणू रूप पालटत राहतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरात, लशीचे घटक नव्याने ठरवते. गतवर्षीची सुई यंदा पुरत नाही ती यामुळेच. टोचण्याच्या लशीत जिवंत विषाणू नसल्याने तिच्यापासून फ्लू होत नाही. दंड दुखतो, क्वचित एखाद-दुसरा दिवस कणकण येते, इतकेच.

वृद्ध, मधुमेही, दमेकरी यांना ही लस अगत्याची आहेच. परंतु मला सर्वाधिक कळकळ वाटते ती गर्भवतींविषयी. 6 महिन्यांखालील अर्भकाला फ्लूची लस देता येत नाही; त्याला मिळणारे संरक्षण आईने गरोदरपणी घेतलेल्या लशीतूनच यावयाचे, आणि तरीही बाळाच्या धनुर्वाताची चिंता वाहणाऱ्या घरात या सुईचा विषय सहसा निघत नाही. बालकांच्या नियमित सरकारी लसीकरणात तिचा समावेश नाही. महाराष्ट्र सरकारने 2015 साली गर्भवती आणि जोखमीच्या रुग्णांसाठी ती मोफत देण्याची तजवीज केली, तेव्हा खासगी दवाखान्याचा खर्च करण्यापूर्वी सरकारी रुग्णालयात साठ्याची चौकशी अवश्य करावी. 9 वर्षांखालील जे मूल ही लस प्रथमच घेत असेल, त्याला 4 आठवड्यांच्या अंतराने 2 डोस लागतात. त्याची सुरुवात एप्रिलातच व्हावयास हवी.