मसाल्याचा डबा आणि स्पाइस गर्ल्स

१९९६ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. आमची आठ वर्षांची कन्या शाळेतून आली ती दारातूनच ओरडत, "आई, मला 'स्पाइस' घेऊन दे ना!" मी म्हटलं, "अगं, डबाभर गोडा मसाला आहे घरात!" तर बाईसाहेबांना हवी होती स्पाइस गर्ल्सची कॅसेट.

त्या काळी इंग्लंडात राहिलेल्या मंडळींना वेगळं सांगायला नकोच. मेलनी ब्राऊन, मेलनी चिझम, एमा, जेरी आणि व्हिक्टोरिया या पाचजणींनी नुसता धुमाकूळ घातला होता. 'वॉनाबी' हे त्यांचं पहिलं गाणं जुलै १९९६ मध्ये आलं आणि सात आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलं. पुढच्या वर्षी अमेरिकेतही ते पहिलं आलं. इथे तर ओळीने सहा रेकॉर्डी पहिल्या! सातवी, 'स्टॉप', १९९८ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर अडली. २००० सालापर्यंत अशा एकूण नऊ रेकॉर्डी पहिल्या आल्या. १९९६, ९७ आणि ९८ अशी सलग तीन वर्षं नाताळचा मानही त्यांचाच. त्यातलं तिसरं गाणं, 'गुडबाय', चौघींचंच. जेरी त्या मे महिन्यातच बाहेर पडली होती.

खरं सांगायचं तर मला तो सगळा धांगडधिंगा वाटे. लताबाई, आशाबाई ऐकून वाढलेले आम्ही! ते तोकडे कपडे, ते उंच बूट! कन्येला कॅसेट मिळाली, पण "दार लावून ऐक" या अटीवर. १९९७ च्या मार्चमध्ये मदर्स डेच्या सुमाराला 'मामा' हे गाणं आलं. त्याच्या व्हिडिओत पाचहीजणींच्या खऱ्या आया आहेत. कन्येने मला हाताला धरून टीव्हीपुढे बसवलं. मी दोन मिनिटं बसले आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले.

परवा माळा आवरताना ती कॅसेट सापडली. दहा गाणी, कव्हर फाटलेलं. कन्या आता स्वतः दोन मुलांची आई. मी सहज विचारलं, "काय गं, खेळात तू कोण व्हायचीस?"

"मला बेबी व्हायचं असायचं, आई. पण त्या म्हणायच्या, तू ब्राऊन आहेस, तू स्केरीच."

मी गप्पच झाले. मेलनी ब्राऊन लीड्सची. वडील कॅरिबियन बेटांवरचे, आई इंग्लिश. पाचजणींत सावळी ती एकटीच, आणि 'स्केरी' हे टोपणनाव नेमकं तिच्याच वाट्याला आलेलं. एका मासिकाने गमतीत ठेवलेली ती नावं, पण शाळेच्या मैदानावर त्याचा असा नियम झाला होता. आणि मी पलीकडे स्वयंपाकघरात "आवाज कमी कर" म्हणत होते!

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला ती गाणीच आवडायची नाहीत ना. कशी सांगणार?"

मग आम्ही दोघींनी ती कॅसेट लावली. 'वॉनाबी' सुरू होतं तेच पावलांच्या आवाजाने आणि एका खळखळत्या हसण्याने. "हे हसणं तिचंच, स्केरीचं," कन्या म्हणाली. "हे कळल्यावर मग मला स्केरी व्हायला आवडायला लागलं."

२०१४ मध्ये मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयाने एक प्रयोग केला. कोणतं गाणं लोक सर्वांत लवकर ओळखतात? 'वॉनाबी'! सरासरी २.२९ सेकंदांत. एवढ्या वेळात लोक गाणं ओळखतात, आणि मला माझ्याच मुलीचं मन ओळखायला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं लागली.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरातली पोरं आज दार लावून जे काही ऐकत असतील, ते एकदा त्यांच्याशेजारी बसून ऐका. आवडलंच पाहिजे असं नाही. पण कुकरची शिट्टी झाली तरी उठू नका.